बेट सज्ज आहे का, हे मोजायचं कसं? हवामान-अनुकूलनाच्या गुंतवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सज्जता’ म्हणजे नेमकं काय? ज्याला धोका जास्त, तोच जास्त सज्ज असायला नको का?

इथेच पहिली गल्लत होते. समुद्र चढतोय, विहिरी खाऱ्या होतायत, वादळं घरं उडवतायत, ही झाली गरज; तिला तोंड देण्यासाठी केलेली कामं म्हणजे अनुकूलन. सज्जता म्हणजे या गरजेसाठी बाहेरून पैसा आला तर तो घेऊन, वेळेत, हिशेब देत, योग्य जागी खर्च करण्याची ताकद. कायदे, निविदेची पद्धत, लेखापरीक्षण, शिकलेली माणसं, बँका, न्यायालयं हे सगळं त्यात येतं. एखाद्या देशाची गरज टोकाची आणि सज्जता तळाला, असं सर्रास दिसतं. मग घोडं पेंड खातं ते इथेच: निधी जाहीर होतो, छायाचित्रं निघतात आणि चार वर्षांनी बघावं तर किनाऱ्यावर एक दगड पडलेला नसतो.

हे मोजतं कोण?

सर्वांत जास्त उद्धृत होतो तो अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाचा ‘एनडी-गेन’ निर्देशांक. १८० हून जास्त देशांना तो दोन वेगवेगळे आकडे देतो: असुरक्षितता आणि सज्जता. असुरक्षिततेत अन्न, पाणी, आरोग्य, परिसंस्था, वस्ती आणि पायाभूत सुविधा अशी सहा क्षेत्रं येतात. सज्जतेचे तीन भाग आहेत: आर्थिक, शासनविषयक आणि सामाजिक.

त्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ‘सी-पिमा’ नावाची तपासणी आहे. ती देशांची रांग लावत नाही. सरकारी बांधकामांचं नियोजन, खात्यांमधला ताळमेळ, प्रकल्पांची निवड, अर्थसंकल्प आणि जोखीम या पाच ठिकाणी हवामानाचा विचार होतो का, हे ती प्रत्यक्ष जाऊन पाहते. माझं मत विचाराल तर बेटांसाठी ही दुसरी पद्धत जास्त उपयोगाची, कारण ती कागदपत्रं उघडून बघते. पण बातमी होते ती पहिलीची, कारण तिच्यात क्रमांक असतो.

एनडी-गेनचे गुण निघतात कसे?

गणित सोपं आहे. दोन्ही आकडे ० ते १ च्या दरम्यान असतात. सज्जतेतून असुरक्षितता वजा करायची, त्यात १ मिळवायचा आणि आलेल्या उत्तराला ५० ने गुणायचं.

एक काल्पनिक बेट घेऊ. असुरक्षितता ०.५५, सज्जता ०.४०. वजाबाकी उणे ०.१५, त्यात १ मिळवला की ०.८५, गुणिले ५०, म्हणजे ४२.५. सज्जता ०.५० वर नेली तर गुण होतात ४७.५. सज्जता तशीच ठेवून असुरक्षितता ०.४५ वर आणली तरी ४७.५ च. गणिताला दोन्ही वाटा सारख्याच. पण एक वाट म्हणजे बंधारे, टाक्या, उंचावलेली जमीन, म्हणजे पिढीभराचं काम. दुसरी म्हणजे दोन-तीन कायदे आणि बरी हिशेबव्यवस्था. म्हणून सरकारांना सज्जतेचा आकडा हलवायला आवडतो. त्यात गैर काही नाही, फक्त ‘आमचे गुण वाढले’ असं कोणी म्हणालं की ते कोणत्या वाटेनं वाढले हे विचारावं.

छोट्या देशांचे आकडे फसवे असतात असं म्हणतात. ते का?

कारण देशच एवढा छोटा की सरासरीला बसायला जागा नाही. पॅसिफिकमधल्या तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार, जमीन सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर. अशा देशाला मोठ्या देशांसाठी शिवलेला सदरा घातला की कुठे ना कुठे उसवतोच.

उच्च शिक्षणाचं घ्या. सामाजिक सज्जतेत महाविद्यालयीन प्रवेशांचं प्रमाण धरलं जातं. पण पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवरची मुलं पदवीसाठी फिजीतल्या सुवा शहरात जातात. तिथे साउथ पॅसिफिक विद्यापीठाचं मुख्य आवार आहे आणि ते १२ देशांचं सामायिक विद्यापीठ आहे. मुलगी शिकतेय, पुढे परत येऊन खात्यात रुजूही होणार आहे. पण घरच्या देशाच्या खान्यात तिची गणती होईलच असं नाही. नवोन्मेष मोजायला पेटंटचे अर्ज बघतात. ११ हजारांच्या देशात एका माणसानं एक अर्ज केला तर आलेख उडी मारतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपटतो.

असुरक्षिततेच्या बाजूचा एक मासला तर मला नेहमी गंमतीचा वाटतो: पाण्याच्या क्षेत्रात धरणांची साठवणक्षमता हा एक निकष आहे. प्रवाळबेटावर नदीच नसते. पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो, तेवढीच काय ती विहीर. तिथे धरण विचारायचं म्हणजे माशाला छत्री विचारण्यासारखं.

भ्रष्टाचार, कायद्याचं राज्य वगैरेंसाठी जागतिक बँकेचे शासनविषयक निर्देशक वापरतात. ते अनेक सर्वेक्षणांतून आणि तज्ज्ञांच्या मतांतून बनतात. मोठ्या देशाबद्दल डझनभर स्रोत असतात, चिमुकल्या बेटाबद्दल मोजके. त्यामुळे चुकीची शक्यता वाढते. ती आकड्याच्या बाजूला छापलेलीही असते, पण क्रमांकाच्या यादीत ती कोणी नेत नाही.

रिकामा खाना असेल तर काय होतं?

वरचंच काल्पनिक बेट पुन्हा घेऊ. त्याचे सज्जतेचे तीन भाग: आर्थिक ०.४५, शासन ०.५०, सामाजिक ०.२५. सरासरी ०.४०. सामाजिक भागात चार आकडे आहेत: विषमता ०.४०, इंटरनेट-फोन ०.४०, शिक्षण ०.१०, नवोन्मेष ०.१०.

आता समजा नवोन्मेषाचा आकडा कोणी कळवलाच नाही आणि तो खाना वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढली. सामाजिक भाग ०.३० झाला, सज्जता साधारण ०.४१७, आणि एकूण गुण ४२.५ वरून ४३.३. बेटावर कुठेही काही बदललेलं नाही. एक कमजोर आकडा गैरहजर राहिला, एवढंच. याच्या उलटही होतं: चांगला आकडा कळवायला माणूस नव्हता म्हणून गुण घसरतात. म्हणून कोणताही क्रमांक वाचण्याआधी मी खाने किती भरलेत ते मोजतो.

आर्थिक सज्जता कशी ठरते?

एनडी-गेनमध्ये हा भाग एकाच गोष्टीवर उभा केला होता: जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’, म्हणजे व्यवसाय सुलभतेचा अहवाल. सज्जतेचे एकूण नऊ निर्देशक. त्यांतला हा एकटाच एक-तृतीयांश भार वाहणारा. आणि २०१८ व २०२० च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबड झाल्याचं उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेनं तो अहवालच बंद केला. खांबच काढून घेतला, आता छप्पर कशावर आहे ते बघा, अशी ही गोष्ट. त्यामुळे नव्या वर्षाच्या तक्त्यात जुना आर्थिक आकडा दिसला तर बुचकळ्यात पडू नका, पण त्यावर निष्कर्षही उभारू नका.

शिवाय तो अहवाल चालू होता तेव्हाही बेटांच्या दृष्टीनं तिरका होता. मालमत्ता नोंदणीचं उदाहरण घ्या. एका कंपनीनं दुसऱ्या कंपनीकडून आधीच नोंदलेली जागा विकत घेतली, तर किती दिवस आणि किती खर्च, असं तो मोजायचा. वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाच्या १९८० च्या संविधानानुसार मात्र देशातली सगळी जमीन तिथल्या मूळ परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. समुद्रभिंत बांधायची असेल तर खरा प्रश्न नोंदणी कचेरीत किती दिवस लागतात हा नसतो. कोणकोणत्या कुटुंबांची संमती लागेल आणि त्यांच्यासमोर बसून बोलणार कोण, हा असतो. यासाठी कोणत्याही जागतिक तक्त्यात खाना नाही.

गुण चांगले असले की पैसा येतो का?

नाही. निर्देशांक बघून कोणी धनादेश फाडत नाही. प्रत्येक निधीचं स्वतःचं दार आणि स्वतःचा दरवान असतो.

ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी, त्याचंच बघू. त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियातल्या सोंगदो इथे आहे. देशाला थेट पैसा हवा असेल तर देशातली एखादी संस्था फंडाकडून मान्यताप्राप्त व्हावी लागते. हिशेबाची पद्धत, खरेदीचे नियम, पर्यावरणाची आणि स्त्री-पुरुष समानतेची धोरणं, तक्रार निवारण, सगळं कागदावर आणि वापरातही दाखवावं लागतं. ते जमेपर्यंत दुसऱ्याचा हात धरून आत जायचं. तुवालूचा किनारा-संरक्षण प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला, फंडाचा वाटा ३ कोटी ६० लाख डॉलर, आणि तो आणला यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत. त्यातून राजधानी फुनाफुतीवर खारकच्छातली वाळू उपसून सुमारे ७ हेक्टर नवी, उंच जमीन तयार केली गेली. काम दिसण्याजोगं झालं. म्हणजे देश स्वतः मान्यताप्राप्त नसतानाही गुंतवणूक पोचू शकते; फक्त मध्यस्थाचा खर्च आणि मध्यस्थाची कार्यपद्धत सोबत येते.

अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरिबियन बेटदेशानं दुसरा रस्ता धरला. त्यांच्या पर्यावरण विभागानं स्वतःच मान्यता मिळवली, आणि २०१८ मध्ये २ कोटी डॉलरचा जो प्रकल्प मंजूर झाला त्यात शेजारच्या डोमिनिका आणि ग्रेनाडालाही सोबत घेतलं. सज्जता उसनी देता येते, हे त्यातून दिसलं. निर्देशांकात मात्र प्रत्येक देश एकटाच उभा असतो.

सज्ज होण्यासाठीच पैसे मिळतात का?

हो. ग्रीन क्लायमेट फंडाचा त्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे. सुरुवातीची अनेक वर्षं देशाला वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत आणि राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यासाठी एकूण ३० लाखांपर्यंत, अशी मर्यादा होती. पण हाही पैसा मागायला अर्ज लागतो, आणि अर्ज लिहायला माणूस. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग सल्लागार येतो, चांगला अहवाल लिहितो आणि विमानानं परत जातो. अहवाल कपाटात राहतो, शिकलेलं डोकं मात्र त्याच्याबरोबर जातं.

मग माणसं मोजायची का?

मोजायचीच. हा माझा सर्वांत आवडता निकष आहे आणि त्याला एक तक्ता, एक पेन पुरतं. हवामान निधीशी संबंधित कामं एका बाजूला लिहा: फंडाशी पत्रव्यवहार, वार्षिक अहवाल, आंतरराष्ट्रीय हवामान परिषदेची तयारी, निविदा, देखरेख, लेखापरीक्षकांना उत्तरं. समोर ती कोण करतं त्याचं नाव. छोट्या देशात एकच नाव खाली-खाली उतरत जातं. ती व्यक्ती परिषदेला गेली की फायली थांबतात, बाळंतपणाच्या रजेवर गेली की प्रकल्प थांबतो, आणि तिला एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी मिळाली की देशाची सज्जताच तिच्याबरोबर विमानात बसते. ‘एक नाव किती ओळींत’ हा आकडा शासनविषयक कोणत्याही गुणापेक्षा जास्त सांगून जातो.

खासगी गुंतवणूकदार काय बघतो?

परतफेड कुठून होणार आणि बुडाली तर भरून कोण देणार, एवढंच. अनुकूलनाच्या कामात पहिलीच अडचण ही की समुद्रभिंतीला तिकीट लावता येत नाही. म्हणून खासगी पैसा पाणीपुरवठा, बंदर, पर्यटन, मासेमारी अशा कमाई असलेल्या कडांना चिकटतो.

हिंदी महासागरातल्या सेशेल्सचा २०१८ चा ‘ब्लू बाँड’ म्हणजे समुद्रस्नेही कर्जरोखा या बाबतीत शिकण्यासारखा आहे. रक्कम दीड कोटी डॉलर, मुदत १० वर्षं, आणि विकत घेणारे तीन गुंतवणूकदार. व्याजदर ६.५ टक्के. पण जागतिक बँकेनं काही भागाची हमी घेतली, जागतिक पर्यावरण सुविधा या निधीनं सवलतीचं कर्ज दिलं आणि देशावर पडणारं प्रत्यक्ष व्याज २.८ टक्क्यांच्या आसपास आलं. सज्जता इथे कुठे होती? त्याआधी २०१६ मध्ये सेशेल्सनं कर्जाच्या बदल्यात सागरी संरक्षणाचा करार केला होता आणि पैसा सांभाळायला स्वतंत्र विश्वस्त निधी उभा केला होता. तिजोरी आधी बनली, रोखा नंतर आला.

विमा असणं हे सज्जतेत धरायचं का?

धरायचं, पण पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये ‘सीसीआरआयएफ’ हा सामायिक विमा-निधी काढला. त्यात नुकसानीचे पंचनामे होत नाहीत. वाऱ्याचा वेग, पावसाचं प्रमाण, भूकंपाची तीव्रता असे आकडे ठरावीक रेषेपलीकडे गेले की १४ दिवसांत पैसे मिळतात.

ऑगस्ट २०१५ मध्ये डोमिनिकावर ‘एरिका’ आलं. त्या वादळानं पाऊस अतोनात पाडला, वारा तेवढा नव्हता. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या घरात, आणि अतिवृष्टीच्या पॉलिसीतून हाती आले २४ लाख डॉलर. दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१७ ला, ‘मारिया’ हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट बेटावर आदळलं. या वेळी वाऱ्याची रेषा ओलांडली गेली आणि सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. पण एकूण हानी होती १३० कोटी डॉलर, वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. तेव्हा विमा म्हणजे पहिल्या पंधरवड्याचे पगार, औषधं आणि डिझेल. पुनर्बांधणी त्यातून होत नाही. ‘विमा आहे का? हो/नाही’ अशा खान्यानं हा फरक कधीच दिसणार नाही.

डोमिनिकानं मारियानंतर २०१८ मध्ये कायदा करून पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. जुन्या खात्यांवरच सगळं लादलं नाही, ही माझ्या मते शहाणपणाची गोष्ट. मात्र अशी यंत्रणा मोजताना तिची मुदत संपल्यावर माणसं आणि फायली कुठे जाणार, हे विचारायला हवं.

संयुक्त राष्ट्रांचा नवा निर्देशांक हेच मोजतो का?

नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमसभेनं स्वीकारलेला बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक वेगळ्या भांडणासाठी आहे. दरडोई उत्पन्न बरं दिसतं म्हणून बेटांना सवलतीच्या कर्जातून बाहेर काढलं जातं, आणि एका वादळात ते उत्पन्न वाहून जातं, ही त्यांची जुनी तक्रार. ती मांडायला हे हत्यार. सज्जतेच्या प्रश्नाला ते उत्तर देत नाही, तसा त्याचा दावाही नाही.

आमच्या देशाचं मोजमाप आम्हीच करायचं ठरवलं तर सुरुवात कुठून?

पूर्ण झालेला एक प्रकल्प निवडा आणि त्याच्या फायलीमागे चाला. कल्पना कधी सुचली, अर्ज कधी गेला, मंजुरी कधी, पहिला हप्ता खात्यात कधी, निविदा किती वेळा काढावी लागली, किती ठेकेदार आले, यंत्र बेटावर कधी उतरलं. प्रत्येक तारखेच्या शेजारी मधले दिवस लिहा. जिथे सर्वांत मोठा आकडा दिसेल, तिथे तुमची सज्जता कमी आहे. कधी तो आकडा परदेशी निधीच्या दारात असतो; मग दोष तुमचा नाही, आणि हे पुराव्यानिशी सांगता येतं. कधी तो अर्थखात्यातल्या एका सहीपाशी असतो.

त्यानंतर न झालेला एक प्रकल्प घ्या. हे जास्त अवघड, कारण मेलेल्या फायली कोणी जपून ठेवत नाही. पण पाणी नेमकं कुठे मुरतं ते तिथेच कळतं.

किती वर्षांनी मोजावं?

दोन वर्षांनी पुरे. निवडणूक किंवा मोठं वादळ झालं असेल तर लगेच पुन्हा.

एकाच गोष्टीवर सगळं अवलंबून असणं कुठल्या निकषात येतं?

बहुतेक ठिकाणी कुठेच नाही, आणि बेटांच्या बाबतीत ही मोठी उणीव आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि लाखाहून जास्त लोकांचे नळ कोरडे पडले. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. आगीच्या आदल्या दिवशी ‘सुरक्षित पाणी मिळणारी घरं’ हा आकडा मालेसाठी उत्तम होता. आकडा खोटा नव्हता, पण त्याच्या खाली एकच यंत्रघर आहे हे तो सांगत नव्हता.

बांधकाम झालं की सज्जतेचं मोजमाप संपतं का?

निधीच्या दृष्टीनं बरेचदा संपतं, कारण प्रकल्प बंद होतो. देशाच्या दृष्टीनं तिथून सुरू होतं. मालदीवच्याच दूरच्या ४९ बेटांवर पाण्याची सोय करण्यासाठी २०१५ मध्ये ग्रीन क्लायमेट फंडानं २ कोटी ३६ लाख डॉलर मंजूर केले. अशा प्रत्येक कामाबाबत तीन गोष्टी विचारायच्या: देखभालीची रक्कम देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात कोणत्या ओळीत आहे, पंपाचा सुटा भाग कुठून येतो, आणि तो बसवायला शिकलेला माणूस त्याच बेटावर राहतो की पुढच्या बोटीनं येणार.